चार सीटांची लाल गाडी

बऱ्हाणपूरच्या लालबागेत राहणाऱ्या जितेंद्र महाजनने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दोन दारांची लाल गाडी घेतली. गाडी इंदूरहून आणलेली, जुनीच, पण आधीच्या मालकाने जपलेली. बुटकी, रुंद, नाक पुढे काढलेली. उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसायची. जितेंद्रचं नेमकं उलटं होतं. तो पळत असला तरी उभाच दिसतो, असं त्याची बायको योगिता म्हणायची, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकवायचा. शहाणा ग्राहक वस्तूची उपयोगिता बघून खर्च करतो, हे वाक्य त्याने फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं की खडू आपोआप वळायचा. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र शहाण्या ग्राहकाने फक्त रंग बघितला आणि इंजिनाचा आवाज ऐकला. घरी येऊन तो म्हणाला, "आपल्या सगळ्यांसाठी घेतलीय." हे म्हणताना त्याला ते खरंच वाटत होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

बऱ्हाणपूरचे रस्ते त्या गाडीच्या बाजूने कधीच नव्हते. ब्रेकर आला की योगिता आणि तेरा वर्षांची मुलगी तपती खाली उतरायच्या. मग जितेंद्र गाडी तिरपी करून, श्वास रोखून, इंचाइंचाने पलीकडे न्यायचा. पलीकडे दोघी परत बसायच्या. शनवारा चौकाजवळ एकदा त्याच्याच वर्गातली पोरं चहा पीत उभी होती. त्यातल्या एकाने अगदी आदराने विचारलं, "सर, धक्का लगाना है क्या?" जितेंद्रने काच वर घेतली. गॉगल डोळ्यांवर होताच.

गाडीतून उतरणं ही तर वेगळी विद्या होती. आधी डावा पाय बाहेर, मग दाराचा आधार, मग एक हुंकार. तो हुंकार आपण देत नाही, आपोआप येतो, असं त्याचं म्हणणं होतं. गाडीतून बाहेर येणारा माणूस रुबाबदार दिसावा म्हणून ती घेतली होती. बाहेर यायचा तो विहिरीतून वर काढल्यासारखा.

घरात सिंधूबाईंना, म्हणजे जितेंद्रच्या आईला, गाडी मनापासून आवडली होती. लोक वळून बघतात, एवढं त्यांना पुरेसं होतं. वडील शंकरराव नेपानगरच्या कागद कारखान्यातून रिटायर झालेले. गाडी आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं, "चांगली आहे" म्हणाले आणि नारळ फोडला. त्यानंतर कुठेही जायचं निघालं की ते पिशवी उचलायचे आणि बसस्टँडची वाट धरायचे.

"मला बसच बरी," ते म्हणायचे. "ओळखीचे भेटतात."

बाबा जुन्या वळणाचे, असा जितेंद्रने अर्थ लावला. स्टाफरूममध्ये तर त्याने कौतुकाने सांगितलंही होतं, की आमच्या बाबांना वेगाची जरा भीतीच वाटते.

दोन वर्षं अशी गेली. माघात दापोऱ्याला सुकलालमामाच्या मुलीचं लग्न निघालं. सुकलाल हा सिंधूबाईंचा धाकटा भाऊ, केळीचा बागायतदार. नवरीची आत्या म्हणून हळदीचा पहिला मान सिंधूबाईंचा. गुडघे दुखत होते, तरी त्या लाल गाडीनेच जाणार होत्या.

"बसने जाऊ या का, आई?" योगिताने विचारलं. "मागच्या सीटवर तुम्हाला पाय वळवता येत नाही."

"पाय मी घरी वळवीन," सिंधूबाई म्हणाल्या. "माहेरच्यांना गाडी दिसू तर दे."

पुढची सीट वाकवून त्यांना मागे बसवायला जितेंद्रला बरीच खटपट करावी लागली. "अरे, मी काय कापसाची गासडी आहे का? असा कोंबून राहिला," त्या आतून म्हणाल्या. त्यांच्या शेजारी तपती गुडघे हनुवटीला लावून बसली. शंकरराव सकाळच्या बसने आधीच गेले होते.

मांडवापाशी गाडी थांबली तेव्हा जितेंद्रला हवं होतं तसं सगळं झालं. पोरंसोरं धावत आली, वाजंत्रीवाल्यांनी माना वळवल्या. तो हुंकार देऊन उतरला. योगिता उतरली. मग आईला बाहेर काढण्यासाठी त्याने पुढच्या सीटचा खटका ओढला आणि खटका त्याच्या हातात आला. सीट जागची हलली नाही.

ड्रायव्हरकडची सीट तर आधीच्या मालकाच्या काळापासून वाकत नव्हती. गाडी घेताना ही किरकोळ बाब आहे, असं जितेंद्रने त्यालाच समजावलं होतं.

तपती दोन सीटांच्या मधून सरड्यासारखी सरपटत बाहेर आली. सिंधूबाईंना तसं येणं शक्य नव्हतं. मागच्या काचा उघडतच नव्हत्या, त्या नुसत्या शोभेला. जितेंद्रने सीट ढकलली, ओढली, तिला लाथही मारली, आणि शेवटी मोबाइल काढून त्यात 'सीट वाकत नाही' असं लिहून शोधू लागला. इंटरनेटने त्याला पाठदुखीवरचे व्यायाम दाखवले.

सुकलालमामा कमरेवर हात ठेवून सगळं बघत होता. "भाचे," तो म्हणाला, "कापायची म्हटली तर लोखंड कापायची करवत आहे घरी."

"नको मामा. निघेल."

"मुहूर्त तोवर थांबेल का, तेवढं सांग."

मार्ग बायकांनी काढला. आत्या मांडवात येत नसेल तर मांडव आत्याकडे नेऊ. नवरीला आणून पुढच्या सीटवर उलटं, मागे तोंड करून गुडघ्यांवर बसवलं. हळदीची वाटी आत गेली. सिंधूबाईंनी मागून हात लांब करून भाचीच्या गालाला, हाताला हळद लावली, आणि उरलेली सीटला लागली. वाजंत्री गाडीभोवती वाजू लागली. मग एकेक नातेवाईक रांगेने पुढच्या सीटवर येऊन बसू लागला. कोणी पाया पडायचं, कोणी ख्यालीखुशाली विचारायचं, कोणी हातात चहाचा कप द्यायचं. सिंधूबाई मागे टेकून सगळ्यांना आशीर्वाद देत होत्या. इतका मान त्यांना माहेरी आजवर मिळाला नव्हता. एरवी आल्या आल्या त्यांना चुलीपाशी बट्ट्या वळायला बसवत.

"आई, घाबरू नको, काढतो मी," जितेंद्र काचेबाहेरून म्हणाला.

"मला काय घाई नाही," त्या आतून म्हणाल्या. "तू बाजूला हो, पुष्पा यायची राहिलीय."

आता एकच वाट उरली होती, डिकीची. तिकडून मागच्या सीटची पाठ पाडता येत होती. जितेंद्र डिकीत अर्धा शिरून, पाय बाहेर ठेवून, आतले हूक चाचपत होता. त्याची दिसणारी बाजू काही स्टाफरूममध्ये दाखवण्यासारखी नव्हती. गाडीला लागूनच मांडवाच्या कनातीपाशी म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती. त्यात शंकररावही होते. डिकीतून त्यांचं बोलणं नीट ऐकू येत होतं.

"शंकरराव," कोणीतरी विचारलं, "पोराची एवढी गाडी आणि तुम्ही बसने?"

"गाडीत सीटा चार," शंकरराव म्हणाले. "आम्ही माणसं पाच."

"मग?"

"मग काय. बस येतेच की."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उद्या कुठला वार आहे ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं आणि मग बोलणं केळीच्या भावाकडे वळलं.

जितेंद्र डिकीत तसाच पडून राहिला. चाकं, रंग, आवाज, गाडी थांबायला लागणारं अंतर, सगळं त्याने घेण्याआधी पारखलं होतं. घरात माणसं किती, हे मोजायचं राहिलं होतं. आणि ज्या एका माणसाने मोजलं, त्याने दोन वर्षांत एकदाही ते बोलून दाखवलं नाही; उलट नारळ फोडला. वेगाची भीती वाटते म्हणे. जितेंद्रला स्टाफरूममधलं आपलं ते वाक्य आठवलं आणि डिकी बंद करून घेता आली तर बरं, असं वाटलं.

"अहो, झोपलात का?" योगिताने बाहेरून त्याचा पाय हलवला.

हूक सापडला. सीटची पाठ पडली. बायकांनी दोन्ही बाजूंनी साडी ताणून आडोसा धरला, आत गोधडी सरकवली, आणि सिंधूबाई पाय पुढे करून तिच्यावरून घसरत डिकीतून बाहेर आल्या. बाहेर येऊन त्यांनी पदर सावरला, नथ चाचपली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "वरण-बट्टी गार होत असेल. चला."

परतताना जितेंद्र वडिलांजवळ गेला. "बाबा, आज तुम्ही गाडीत बसा. मी येतो बसने."

शंकररावांनी त्याच्याकडे काळजीने बघितलं. "अरे, मग गाडी कोण चालवणार?"

शंकरराव बसनेच आले.

त्या आठवड्यात जेवताना त्याने गाडी विकायचं जाहीर केलं. आवाज जरा जड केला होता. निदान कोणीतरी 'कशाला, राहू दे' म्हणेल, निदान एकदा, अशी त्याची अपेक्षा होती.

"कधी?" योगिताने विचारलं.

"पप्पा, नवीन घ्याल तिच्यात मागे एसी येतो का बघा," तपती म्हणाली. "बाकी कुछ भी चलेगा."

एकट्या सिंधूबाईंचा चेहरा उतरला.

शोरूमवाल्याने लाल गाडी एक्सचेंजमध्ये घ्यायला नाक मुरडलं. मग खंडव्याचा एक दातांचा डॉक्टर ती बघायला आला. ऋषिकेश त्याचं नाव, वय जितेंद्रएवढंच, डोळ्यांवर तसाच गॉगल. गाडीभोवती तो जसा फिरला, बोनेटवर जसा हलकेच हात ठेवला, ते बघून जितेंद्रला स्वतःचाच जुना व्हिडिओ बघितल्यासारखं वाटलं. खटका दुरुस्त केला होता. तरी जितेंद्रने एकूण एक खोड सांगितली. ड्रायव्हरकडची सीट, ब्रेकर, शोभेच्या काचा. डॉक्टर मान डोलवत होता. ऐकत नव्हता.

"घरी माणसं किती तुमच्या?" जितेंद्रने शेवटी विचारलं.

"सहा."

"आणि ही गाडी?"

"ही माझ्या एकट्यासाठी," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "घरच्यांसाठी मोठी आहे ना."

इतकं सरळ, खरं वाक्य आपल्याला दोन वर्षांत सुचलं नाही, याचं जितेंद्रला नवल वाटलं. आपणही हेच म्हटलं असतं तर निदान बेईमानी तरी झाली नसती. लाल गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा इंजिनाचा आवाज त्याने पूर्ण विरेपर्यंत ऐकला. डोळे भरून आले, पण ते धुळीने आले असंही म्हणता आलं असतं, म्हणून त्याने तसंच म्हटलं.

नवी गाडी हॅचबॅक होती. उंच, चार दारांची, पाच सीटांची. कंपनीने तिच्या रंगाला काहीतरी भारी नाव दिलं होतं, पण लालबागेत त्याला राखाडीच म्हणत. शोरूममधली मुलगी म्हणाली, "सर, एकदम फॅमिली कार." जितेंद्रने मान डोलावली. आपल्याकडे आता कोणीही वळून बघणार नाही, एवढं त्याला समजलं.

पहिल्या रविवारी सगळे असीरगडला निघाले. शंकरराव पुढे बसले. त्यांनी पट्टा लावला, काच खाली-वर करून बघितली आणि हात मांडीवर ठेवले. गाडी लालबागेबाहेर पडली. वडील पहिल्यांदाच शेजारी बसलेत, म्हणून जितेंद्रला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. माफी मागावी, असा विचारही आला. त्याने घसा खाकरला.

"बाबा."

"थांब, थांब," शंकरराव म्हणाले. "बाजूला घे."

रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत एक म्हातारा उभा होता. पायाशी केळीचा भलामोठा घड. शंकररावांनी काच खाली केली. "मोतीलाल, कुठे?"

"असीरगड, पोरीकडे. बस हुकली."

"बस मागे. ए तपती, सरक जरा."

मोतीलाल हे कारखान्यात शंकररावांबरोबर एकाच मशीनवर होते. ते मागे बसले, घड डिकीत मावला, तपती अर्धी योगिताच्या मांडीवर आली. पुढे आणखी तीनदा शंकररावांनी "थांब" म्हटलं. दोनदा नुसती विचारपूस, एकदा कोणाची तरी औषधाची पिशवी पुढच्या गावात द्यायला घेतली. ज्यांना बाबा बसमध्ये भेटायचे ते सगळे या रस्त्याला राहतात, हे जितेंद्रला आज कळत होतं. त्याची माफी दर थांब्याला पुढे ढकलली जात होती, आणि ती ऐकायला आता कोणाला सवडही नव्हती. शंकरराव मागे वळून मोतीलालशी जुन्या फोरमनबद्दल बोलत होते आणि इतके हसत होते, की पट्टा ताणून धरावा लागत होता.

"हे काही खरं नाही," सिंधूबाई मागून म्हणाल्या. "त्या गाडीला लोक बघायचे. हिच्यात सरळ चढूनच बसतात."

योगिताला हसू आवरेना. घाट लागला. जितेंद्रने दुसरा गिअर टाकला. गाडी कण्हली, पण चढू लागली. मागून ट्रकने हॉर्न देऊन ओव्हरटेक केलं. मग एका सायकलस्वाराला मागे टाकायला जितेंद्रला बराच वेळ लागला.

असीरगडच्या फाट्यावर मोतीलाल उतरले. घड खांद्यावर घेऊन ते वळले, खिडकीशी आले आणि जितेंद्रला म्हणाले, "परतीची गाडी किती वाजता?"

जितेंद्र काही बोलायच्या आत शंकररावांनी पुढे वाकून सांगितलं, "पाचला. इथेच उभा राहा, म्हणजे चुकायचं नाही."