वाढत्या अंगाचा फ्रॉक

मित्रांनो, मी एक जुना शाळेचा फ्रॉक आहे. जुना म्हणालो तरी फार वापरलेला नाही. माझं बहुतेक आयुष्य पत्र्याच्या पेटीत गेलं, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

वसमतच्या बाजारात एका शिंप्याने मला शिवलं. कापड निळं, गळ्याला पांढरी पट्टी. अनुसयाबाई समोरच बसून होती. तिच्या राजनंदिनीला सहावं लागलं होतं.

"वाढत्या अंगाचा शिवा, दादा. दोन-तीन साल पुरला पाहिजे," ती म्हणाली.

शिंप्याने खालच्या घडीत वीतभर कापड दुमडून ठेवलं. मला वाटलं, आपण आता या पोरीबरोबर वाढणार. मी फार खूष होतो.

पण घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की राजनंदिनीचा बाप नामाजी बिऱ्हाड घेऊन मेंढरांमागे निघायचा, तो पावसाळ्याच्या तोंडावर गावात परतायचा. बारकी कोकरं सांभाळायला लेकरूच लागतं. जूनमध्ये अनुसयाबाईने मला पेटीतून काढलं, तेव्हा नामाजीने पोरीला समोर उभं केलं आणि डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगितलं. कान हाताला लागला तर पोर शाळेजोगं झालं, अशी त्यांच्यातली जुनी रीत. राजनंदिनीची बोटं कानाला लागली.

"मान वाकडी केली तिनं," नामाजी म्हणाला. "काहून घाई करून राहिलीस? अवंदा कोकरं लई हायेत. फुडल्या साली टाकू."

पुढच्या साली तिचा कान चांगला मुठीत आला असता, पण तेव्हा कोणी बघितलंच नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. मी पेटीत डांबरगोळ्यांचा वास घेत पडून राहिलो.

राजनंदिनीला दहावं लागलं, तेव्हा कुठे अनुसयाबाईच्या हट्टाने ती शाळेत गेली. अनुसयाबाईने माझी सगळी घडी उसवली, तरी मी गुडघ्यांच्या वरच राहिलो. वयामुळे तिचं नाव चौथीत लागलं, आणि अक्षरं येत नव्हती म्हणून बसायला मिळालं पहिलीत. भोवती इवलीशी पोरं, मध्ये ही. चौथीच्या मुली खिडकीतून बघून हसायच्या. ती मला खाली ओढत राहायची. मी तरी किती ताणणार? लाज मलाही वाटत होती.

पोरांना मात्र ती आवडली. कुणाची नाडी सुटली, ताई. कुणाला लघवीला जायचं, ताई. निता मॅडम वाईट नव्हत्या, एकटीने दोन वर्ग सांभाळून थकलेल्या होत्या. त्याही म्हणू लागल्या, "राजनंदिनी, ह्याला घेऊन जा गं." ती उठायची. परत येईपर्यंत फळा पुसलेला असायचा.

वर्गात प्रभू नावाचा एक बारका होता. त्याचं नाक ती रोज माझ्याच टोकाने पुसायची. दिवाळीच्या आधी एक दिवस त्याने फळ्यावरची ओळ धडाधडा वाचली आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, आता तू वाच."

ती उभी राहिली. फळ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "चल, तुझं नाक पुसते."

घरी तिने हे सांगितलं, तेव्हा नामाजी म्हणाला, "तिथं बी लेकरंच राखून राहिली ना? मग आपली कोकरं काय वाईट?"

अनुसयाबाई चुलीपुढे भाकरी थापत राहिली. मला उत्तर सुचलं होतं, पण फ्रॉकला कोण विचारतो? दिवाळीनंतर बिऱ्हाड हललं, आणि राजनंदिनीही गेली.

जूनमध्ये आई म्हणाली, "चल, नवा शिवते तुला. मॅडमला सांगते, पोरं देऊ नका तिच्याकडं, तिला शिकवा."

"नको माय," राजनंदिनी म्हणाली. "कोकरं बरी. ती मला वाच म्हणत न्हाईत."

आता एखादं कोकरू अशक्त निपजलं की मला त्याच्याभोवती गुंडाळतात. बाकी वेळ मी खुंटीवर असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात शाळेच्या वयाचं लेकरू असेल, तर त्याला त्याच वर्षी शाळेत न्यायला मोठ्यांच्या मागे लागा. तुमच्या वर्गात एखादं थोराड पोर उशिरा आलं, तर त्याला ताई-दादा म्हणून कामाला लावू नका. शेजारी बसवा, आणि अक्षरं दाखवा. हे मी राजनंदिनीसाठी सांगत नाही. तिला आता घरात कोणी शाळेचं विचारत नाही, आणि तीही कोणाला विचारत नाही.