गुडघ्यातली टाचणी

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा पहारेकरी आहे. उंचीला तुमच्या अंगठ्याएवढा. अंगावर अंतराळातला पोशाख, एका हातात किरणांची बंदूक, आणि दुसरा हात कपाळावर आडवा धरलेला, दूरचे दिसावे म्हणून. ज्या कारागिराने माझा साचा कोरला त्याने माझे डोळे बारीक करून ठेवले. तेव्हापासून मला सगळ्यांचा संशय येतो. यात माझा काय दोष? कुणाला देव हात जोडलेले देतो, कुणाला डोळे बारीक केलेले देतो.

माझा जन्म विलायतेतला. तापलेले शिसे साच्यात ओतले, निवले, आणि मी बाहेर आलो. माझ्यासारखेच आणखी काही शिपाई आणि त्यांचे शत्रू एका खोक्यात भरले गेले. परदेशी माल आपल्याकडच्या दुकानांत नुकता दिसू लागला होता, ती वर्षे. तिरुचीच्या एका कारखान्याने आपल्या एका अभियंत्याला शिकायला तिकडे पाठवले होते. त्याचे नाव सुरेंद्र. त्याने बायकोसाठी सेंट घेतले नाही, साडी घेतली नाही, आम्हांला घेतले. मला तिथेच शंका आली की या माणसाचे काही खरे नाही.

बॅगेत एक छत्री माझ्या उरावर होती. तंजावूरला पोचेपर्यंत मी डाव्या गुडघ्यात मोडलो.

राजवाड्यामागच्या गल्लीत सुरेंद्राचे घर. त्याची बायको रंजना पापनाशमची. लग्नाला दोन वर्षे झालेली. ती तंजावूर पद्धतीची चित्रे काढायची. फळीवर खडूची पूड आणि डिंक कालवून उठाव द्यायचा, वर सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, आणि मधोमध लोणी खाणारा गुबगुबीत बाळकृष्ण. तिने खोके उघडले आणि मला चिमटीत धरले.

"अहो, हे कोण? देव कीं दैत्य?"

"शिपाई आहेत. चंद्रावरचे," सुरेंद्र म्हणाला. "रंगवायचे, मांडायचे, मग फासे टाकून लढाई खेळायची. तूं कृष्णाची बुबुळं काढतेस, तुला यांचे डोळे काय जड?"

"चंद्रावर शिपाई कशाला? तिथे चोरायला काय ठेवलंय?"

पण तिची नजर माझ्या डोळ्यांवरून हलेना. दुसऱ्या दिवशी तिने कामाला हात घातला, आणि माझ्या संशयाला ऊत आला. आधी तिने अर्ध्या लिंबाने मला घासले. मग राखेने चोळले. शिशाचा तुकतुकीतपणा गेल्याशिवाय रंग धरत नाही, हे मला तेव्हा काय ठाऊक! मग तिने बारीक गिरमिटाने माझ्या मांडीत भोक पाडले, नडगीत भोक पाडले, एक टाचणी तोडून दोन्हींत बसवली आणि डिंकाने मला पुन्हा उभा केला. हे सगळे ती गुणगुणत करत होती. गुणगुणत टाचणी टोचणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील?

पण मित्रांनो, मग रंग आला. खारीच्या केसांचा कुंचला, टोकाला तीनच केस. माझ्या पोशाखाला निळा रंग, कडांना सावली, शिरस्त्राणाच्या काचेच्या कडेला सोन्याच्या वर्खाची कातरण. शेवटी डोळे. श्वास रोखून तिने एक काळा ठिपका ठेवला आणि मला जग दिसू लागले.

घरात तेव्हा नवा रंगीत टीव्ही आला होता. त्याच्या खोक्यातले थर्माकोल रंजनाने कुणाला फेकू दिले नाही. त्याचा तिने चंद्र केला. चित्राला उठाव देतात त्याच खडूच्या लगद्याने विवरे केली, त्यांवर राख भुरभुरवली, कॉफीचा चोथा वाळवून त्याची माती पसरली. कॉफीच्या फिल्टरचे झाकण उपडे घातले, तो आमच्या छावणीचा घुमट झाला. रविवारी दुपारी नवराबायको वरच्या खोलीत शिंप्याचा टेप घेऊन बसत आणि कोण किती पुढे सरकला ते मोजत. मी घुमटापाशी उभा. शत्रू दगडाआडून सरकला की माझ्यासाठी फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले की पहारेकऱ्याला संशय येतो, असा नियम होता. मला तर फाशाशिवायच येत असे, पण नियम म्हणजे नियम.

एकदा सुरेंद्राचे वडील अप्पाजी वर आले. शाळेतून निवृत्त झालेले, आणि कीर्तनकार. आमच्या गल्लीत कीर्तन म्हटले की अप्पाजी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला न्याहाळले. "हा तर द्वारपाल. वैकुंठाच्या दारातल्या जय-विजयांचा धाकटा भाऊ," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी शाबासकी.

घरात एकाच माणसाला आम्ही आवडत नव्हतो. सुरेंद्राची आई, वेंकूबाई. त्या माझ्यासारख्याच. म्हणजे त्यांचेही डोळे बारीक.

"राख कशाला गे नेतेस?" त्या सुनेला विचारायच्या.

"चंद्राला, आत्याबाई."

"लिंबू?"

"शिपायाला."

"आणि माझ्या फिल्टरचं झाकण?"

यावर रंजना हसायची. काय सांगणार? आणि हसणे हे उत्तर नव्हे, हे पहाऱ्यावर उभे राहिलेल्या कुणालाही समजते.

त्यात आडी महिन्याच्या, म्हणजे आपल्या आषाढाच्या, अमावास्येपासून वेंकूबाईंचा डावा गुडघा धरला. ओसरीच्या कट्ट्यावर शेजारच्या शेषम्मा येऊन बसत. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "वेंकू, मी काहीं म्हणत नाहीं. पण राख, लिंबू, केस... माझ्या मावससासूच्या घरीं असंच सुरू झालं होतं."

"केस कुठे?"

"कुंचल्याला काय असतं मग? बघ बाई. मी काहीं म्हणत नाहीं."

काही म्हणत नाही म्हणणारे लोक सगळ्यांत जास्त म्हणतात, मित्रांनो.

गणेशचतुर्थी आली. सकाळी रंजना स्वयंपाकघरात कोळकट्टै, म्हणजे आपले उकडीचे मोदक, करत होती. वेंकूबाईंना माळ्यावरचे मोठे पितळी ताट हवे होते. दर पायरीला कण्हत त्या वर आल्या. खोलीचे दार उघडे. मेजावर राखेने माखलेला चंद्र. शेजारी वाळलेले लिंबू आणि टाचण्यांची डबी. आणि धुतलेल्या फडक्यावर मी आडवा. माझा पाय सैल झाला होता, म्हणून रंजनाने आदल्या दिवशी जुनी टाचणी काढून नवी, लांब टाचणी घातली होती. तिचे डोके अजून तोडायचे होते. ते गुडघ्यातून बाहेर चमकत होते.

डाव्या गुडघ्यातून.

वेंकूबाईंनी एक हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्याने मला उचलले. मी आयुष्यभर इतरांवर संशय घेतला. माझ्यावर कुणी घेतला, तो हा पहिलाच.

"हें काय?" खाली येऊन त्यांनी मला सुनेसमोर धरले. "माझा गुडघा कां दुखतो तें आज समजलं!"

"आत्याबाई, तो खेळातला शिपाई आहे. त्याचा पाय मोडला होता."

"बाहुलीला टाचणी टोचतात तें काय म्हणून टोचतात, तें साऱ्या तंजावुराला माहीत आहे. देवा रे, माझ्याच घरीं! तुझ्या हातचं मी पाणी घेणार नाहीं. आणि याला मी वडवारांत सोडणार." वडवार म्हणजे गावाजवळून वाहणारी नदी.

रंजना उभीच राहिली. हाताला पिठी तशीच. "मग हें गोड मी कुणासाठी करूं?" ती हळू म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीने मी पापनाशमला जातें. पुन्हा बोलावूं नका."

दोघींनी सुरेंद्राकडे पाहिले. त्याच्या तोंडात आख्खी कोळकट्टै होती, त्यामुळे त्याला कुणाचीच बाजू घेता येईना.

अप्पाजी झांजेची दोरी बदलत होते. वर न बघता म्हणाले, "संध्याकाळीं कीर्तन आहे. तोंवर कुणी कुणाला कुठे सोडायचं नाहीं. नदींत नाहीं, पापनाशमलाही नाहीं."

वेंकूबाईंनी मला लुगड्याच्या पदरात बांधले आणि घट्ट गाठ मारली. कीर्तन झाले की परस्पर नदी.

असा मी कीर्तनाला गेलो. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात. पदराच्या आत अंधार, उदबत्तीचा वास, आणि झांजेचा पहिला ठोका. मित्रांनो, तो ठोका धातूला जसा लागतो तसा माणसाला लागत असेल का, मला शंका आहे. माझे सगळे शिसे गुणगुणू लागले. अप्पाजींनी नमन केले, पद म्हटले, आणि चतुर्थीला सांगतात ते आख्यान लावले: स्यमंतक मण्याचे.

सत्राजिताचा मणी नाहीसा झाला. तो घालून शिकारीला गेलेला त्याचा भाऊ परतला नाही. द्वारकेत कुजबुज सुरू झाली की कृष्णानेच मणी घेतला. का? तर चतुर्थीचा चंद्र पाहिला त्याने, आळ येणारच.

"मंडळी, भगवंत त्यावर काय म्हणाले?" अप्पाजींनी गाणे थांबवून विचारले. "काहीं म्हणाले नाहींत. रानांत गेले. आधी घोड्याचं पाऊल. मग सिंहाचं पाऊल. मग अस्वलाचं पाऊल. एकेका पावलावर वाकून बघत बघत थेट गुहेपर्यंत, मणी होता तिथवर. आळ ओसरीवर बसून फिटत नाहीं, बायांनो! आळामागे पायानं चालत जावं लागतं."

झांज वाजली. ओसरी म्हणताच शेषम्मा खोकल्या. इतका वेळ गाठीशी चाळा करणारी वेंकूबाईंची बोटे थांबली.

आरती झाली. देवळाबाहेर डावीकडे नदी, उजवीकडे घर. पदर हलत होता. कोणीकडे चाललो ते मला दिसेना. मी पाण्याच्या आवाजाची वाट पाहत राहिलो. मग पायरी लागली. कण्हणे. दुसरी पायरी. पुन्हा कण्हणे. नदीला इतक्या पायऱ्या नसतात.

वरच्या खोलीत रंजना पेटी भरत होती. कुंचले जुन्या धोतरात गुंडाळलेले.

"पेटी मागून भर," वेंकूबाई म्हणाल्या. "आधी दाखव. सगळं."

रंजनाने खोके पुढे सरकवले. वेंकूबाई दिव्याखाली वाकल्या आणि एकेक शिपाई हातात घेऊन बघू लागल्या, अगदी पाऊल शोधावे तशा.

"याच्या खांद्यांत टाचणी आहे. कुणाचा खांदा दुखतो?"

"कुणाचा नाहीं. त्याचा हात वेगळा आला होता."

"आणि ह्याच्या मानेंत?"

"तो माझ्याकडून पडला. डोकं गेलं होतं."

वेंकूबाईंनी पदराची गाठ सोडली. मला मेजावर ठेवले, चिमटा मागून घेतला, आणि माझ्या गुडघ्यातली टाचणी एका झटक्यात उपटली. मी चंद्रावर तोंडघशी पडलो. पाय एकीकडे, मी एकीकडे. सुरेंद्र आणि अप्पाजी दारात येऊन उभे. वेंकूबाईंनी आपला गुडघा एकदा वाकवला. पुन्हा वाकवला.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "दुखतंय कीं!"

कुणी हसावे की नाही, कुणालाच कळेना. मग दारातून अप्पाजी म्हणाले, "रंजना, चुकलीस तूंच. चतुर्थी तोंडावर आली तरी तूं चंद्रावर वाकून बसलीस. आळ येणार नाहीं तर काय येणार?"

रंजनाला हसू फुटले, आणि हसता हसता रडू. वेंकूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "टाचणी दे. मीं उपटली, मींच बसवतें." त्यांना नीट दिसत नव्हते. दोनदा टाचणी वाकली. शेवटी पाय बसला, पण गुडघा जरा बाहेर वळून. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"सकाळच्या कोळकट्टैंतली एखादी उरली आहे काय गे?"

"आहे. गार झाली, आत्याबाई."

"गारच आण."

त्यानंतर रविवारी वेंकूबाईही वर येऊ लागल्या, माझा फासा टाकायला. पाच पडले की टाळी वाजवून ओरडायच्या, "आला रे, संशय आला!" फिल्टरचे झाकण मात्र त्यांनी परत नेले.

नवरात्रात घरी गोलू, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, मांडला, तेव्हा त्यांनी मला सगळ्यांत खालच्या पायरीवर उभे केले, आणि दरवर्षी ती जागा माझीच झाली. पुढे सुरेंद्राची बदली बंगळूरला झाली. चंद्राला वाळवी लागली नाही, पण उंदरांनी त्याची विवरे वाढवली. माझे सोबती कोण जाणे कुठे हरवले. गोलूचे दिवस सोडले तर मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला असतो. दमट हवेने माझ्या निळ्या पोशाखावर पांढरी भुकटी धरू लागली आहे. पण दरवर्षी वेंकूबाई मला उलगडायच्या आणि माझ्या गुडघ्यावर अंगठा ठेवून विचारायच्या, "दुखतंय काय रे अजून?" मग आपल्या गुडघ्यावर ठेवायच्या.

आता त्या नाहीत. गोलू बंगळूरच्या घरात होतो. कागद रंजनाच उलगडते. ती काही विचारत नाही. फक्त अंगठा ठेवते.

मित्रांनो, मी पहारेकरी आहे. संशय घेऊ नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? घ्या खुशाल. पण आला की लांबून कुजबुजू नका. जवळ या, दिवा घ्या, वाकून बघा. आम्हां लहान वस्तूंना कोरड्या जागी ठेवा. आणि मला उचलाल तेव्हा खालच्या बैठकीला धरा, गुडघ्याला नको. तिथली टाचणी वेंकूबाईंनी बसवली आहे.