रसीद नव्हे, रीसील

मी एक जुना पितळी शिक्का आहे. हसू नका मित्रांनो, एके काळी सोलापूरच्या रस्त्यावर माझा मोठा मान होता.

एका कारागिराने माझ्या तोंडावर उलटी अक्षरे कोरली, म्हणजे लाखेवर ती सुलटी उमटावीत. शब्द होता 'रीसील्ड'. निजामाच्या हद्दीतल्या आमच्या जकात नाक्यावर कारभार उर्दूत चाले, पण इंग्रजांच्या ताब्यातल्या सोलापूरहून येणाऱ्या मालावरची सिले इंग्रजी, म्हणून मीही इंग्रजी. कारकून माणिकप्पांना एवढेच ठाऊक होते, की उघडलेली वस्तू बंद करताना हा शिक्का मारायचा. लोक मला 'रसीद' म्हणत. माझा लाल ठसा दिसला की माल सरकारने तपासला, चोख आहे, असे त्यांना वाटे. मीही उगाच फुशारून जाई.

१९४४ साली अणदूरच्या मथुराबाई सोलापूरहून औषधाची बाटली घेऊन आल्या. त्यांची लेक तारामती घरी तापाने फणफणली होती. दारू तर नाही ना, हे पाहायला माणिकप्पांनी बाटली आत नेली, बूच काढून वास घेतला आणि बाटली हातातून निसटून कलंडली. निम्मे औषध जमिनीवर सांडले. बाटलीला डोसांच्या खुणांची कागदी पट्टी होती. घाबरून त्यांनी वरच्या खुणेपर्यंत माठातले पाणी भरले, बुचावर लाख ओतली आणि मला दाबले.

"रसीद झाली बाई, जावा आता," बाहेर येऊन ते म्हणाले. मथुराबाईंनी हात जोडले.

दहा दिवसांनी मथुराबाई बैलगाडीतून पुन्हा नाक्यावर आल्या. आत तारामती निपचित पडली होती. सोबत गावचे मास्तर कल्याणप्पा होते. त्यांनी लाखेसकट ते बूच माणिकप्पांपुढे ठेवले.

"ही रसीद न्हाय. सील हा शब्द मूळचा लॅटिन, त्याचा अर्थ लहानशी खूण. री म्हंजी पुन्हा. बाटली उघडून पुन्हा बंद केली, असं लिहिलंय हितं. आत काय घातलं तुम्ही?"

माणिकप्पांनी मान खाली घातली. "सांडलं, मास्तर. पाणी घातलं."

मथुराबाई लाखेकडे बघतच राहिल्या. "ह्या रसीदीवर इसवास ठेवून म्या लेकीला धा दिस पाणी पाजलं व्हय? आवं, आमाला कळंल असं सांगायला काय झालं हुतं?"

मी खरे तेच लिहिले होते, पण त्या माउलीला न कळणाऱ्या भाषेत. मला माझीच लाज वाटली.

गाडी घाईने सोलापूरकडे गेली. चौथ्या दिवशी परतली तेव्हा तारामती तिच्यात नव्हती. सोलापुरातच तिने प्राण सोडला होता. माणिकप्पांनी नाक्याचा आडवा बांबू वर केला. तपासण्यासारखे गाडीत काही नव्हते.

मित्रांनो, तुमच्या हातून काही उघडले, सांडले, बिघडले, तर वरून नीट बंद करून गप्प बसू नका. समोरच्याला कळेल अशा शब्दांत सांगा. पुढे माणिकप्पा तसे सांगू लागले. मला लाखेवर टेकवण्याआधी ते प्रत्येकाला म्हणत, "उघडलंय बरं का, नीट बघून घ्या." लोक बघून घेत. मथुराबाईंना मात्र हे कुणी म्हटले नव्हते.