शेंदूर लावलेला खांब

“कोणी लावलं हे?”

देवराव खांबापुढे ओरडला, तेव्हा अंजनाबाईंच्या हातात अजून शेंदराची वाटी होती. त्यामुळे चौकशी लांबली नाही.

“मी लावला. नव्या कामाले शेंदूर नको?”

“माय, तेलातला?”

“मंग काय पाण्यातला लावू?”

सेक्टर सहामधल्या मराठी मंडळाच्या सभागृहाचे बारा खांब कमजोर झाले होते. त्यांना बळकटीसाठी कार्बनच्या कापडाचा पट्टा चिकटवायचा होता. त्याआधी काँक्रीट घासायचं, कोपरे गोल करायचे, धुळीचा कणही ठेवायचा नाही, हे देवरावचं काम. तीस वर्षं तो हेच करत होता. पट्टा चढला की त्याची मेहनत आत गाडली जाई आणि वाहवा पट्टेवाल्याची होई. याचं त्याला वाईट वाटे, पण तो ते हसण्यावारी नेई.

या वेळी तेही जमेना. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा हा पहिलाच खांब. इंजिनिअर शिल्पाने आधीच बजावलं होतं, “काका, पट्टा ओढून टेस्ट करीन. हा खांब पास, तर बाकी अकरा तुमचे. नाही तर दुसरा आदमी लावावा लागेल. बुरा मत मानना.”

आणि आता त्या खांबावर तेलाची पाच बोटं.

देवरावने शेंदूर पुसला. खांब कोरा दिसू लागला. शिल्पा अजून यायची होती. तो गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं. त्याने खांबावर पाणी शिंपडलं. सगळीकडे ते जिरलं. पाच बोटांच्या जागी मात्र थेंब टरारून बसले.

“पाहा माय. तेल पिऊन बसला हा. याले आता काही चिकटत नाही.”

अंजनाबाईंचा चेहरा पडला. वीस वर्षं त्या हे सभागृह झाडत होत्या. “माह्या हातानं तुझं काम गेलं का रे?”

“नाही जात. तुम्ही चहा ठेवा.”

चहा दोनदा झाला. देवरावने ती जागा साबणाने धुतली, मशीनने घासली, पुन्हा पाणी शिंपडलं. तिसऱ्या खेपेला पाणी जिरलं. शिल्पा आली, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

“आज पट्टा नाही, मॅडम. खांब वाळू द्या.”

शिल्पाच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तिने काम थांबवलं.

खांब वाळल्यावर पट्टा चढला आणि आठ दिवसांनी टेस्ट झाली. पट्ट्यावर चिकटवलेली लोखंडी चकती मशीनने ओढायची. पट्टा साफ सुटून आला तर जोड कच्चा, काँक्रीट घेऊन आला तर पक्का. चकती कुठे लावायची ते देवरावनेच दाखवलं होतं. बरोबर शेंदराच्या जागी.

कट्‌कन आवाज झाला. देवरावने डोळे मिटून घेतले.

“काका, देखो तो!” शिल्पा चकती नाचवत म्हणाली. मागे काँक्रीटचा जाड खपला होता. “खांब तुटला, जोड नाही सुटला! उद्यापासून बाकी अकरा धरा.”

देवराव लहान पोरासारखा हसला. तेवढ्यात अंजनाबाई वाटी घेऊन लगबगीने आल्या.

“माय, खांबाले नका लावू आता!”

“खांबाले कोण लावून राहिलं? तुले लावते.”

त्यांचं बोट कपाळापाशी आलं, तसा देवराव मागे सरला.

“थांबा, माय.”

त्याने खिशातून पांढरा फडका काढला, कपाळावरची सिमेंटची धूळ पुसली, फडका उजेडात धरून पाहिला, पुन्हा एकदा पुसली. मग मान पुढे केली.

“हं. आता लावा.”