न टोचता साखर

शिवणकामाच्या हॉलमध्ये मशीनपेक्षा बायकांचाच आवाज मोठा होता. मुकादम मोबाईल नाचवत होता, "सुई नाही, रक्त नाही! कॅमेऱ्यावर बोट ठेवा, ॲप साखर सांगतं. डॉक्टरांची दुकानं बंद!"

त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत सर्वांत पुढे माझी थोरली बहीण. पंधरा दिवस ॲप तिला "साखर उत्तम" सांगत होतं आणि पंधरा दिवस तिनं इन्सुलिन सोडलं होतं. सकाळपासून ही पाण्याची चौथी बाटली.

"ताई, दवाखान्यात चल गं."

"तुला मेलीला सगळ्यातच खोट दिसते. आकडा दिसतोय ना धडधडीत?"

जाणार तरी कुठून? कामाची पाळी संपेपर्यंत दाराला कुलूप, किल्ली मुकादमाच्या खिशात. त्यात आजचा हुकूम: प्रत्येकीनं ॲप घ्यायचंच, नाहीतर उद्यापासून घरी बसायचं. ॲप फोटो मागत होतं, सगळे नंबर मागत होतं. साखर मोजायला माझ्या नणंदेचा नंबर कशाला लागतो?

गाणी ऐकायला ठेवलेला जुना, रिकामा फोन पिशवीत होता. त्यावर ॲप घेतलं आणि घाईत बोट टेकवलं, ते अंगुस्तानासकट. सुई लागू नये म्हणून बोटावर चढवायची ही लोखंडी टोपी. ती बोटात आहे हेच आम्ही विसरतो.

"साखर १०४. अभिनंदन!"

मी चमकले. वय वीस टाकलं, ९२. सत्तर टाकलं, १३८.

"बायांनो, लोखंडाला साखर असते का? हे बोट बघतच नाही. वय विचारतं आणि आकडा फेकतं!"

"श्रद्धेनं ठेवलं नाहीस तू!" मुकादम गरजला.

"लोखंडाची श्रद्धा दांडगी दिसते. अभिनंदन झालं त्याचं!"

हॉल खो खो हसला. ताई हसली नाही. ती भिंतीला टेकत खाली बसली.

"मुकादम, कुलूप उघडा!" सगळ्याजणी उठल्या. त्याला किल्ली सापडेना. शेवटी खिसा उलटा केला तेव्हा ती खाली पडली.

दवाखान्यात नर्सनं सुई टोचली. चारशे ऐंशी. सलाईन लागल्यावर ताई पुटपुटली, "मला सुईची फार भीती गं. ॲपनं तेवढंच हेरलं."

नवं ॲप जरूर बघा. पण रिकाम्या फोनवर बघा, ज्याचं उत्तर ठाऊक आहे तेच आधी विचारा आणि त्याची परीक्षा चालू असेपर्यंत औषध सोडू नका. एवढं सगळं पाच मिनिटांचं काम होतं. मी पंधरा दिवस नुसती कुरकुरत बसले.