मले

संत्र्याची साल सोलताना हवेत जो कडवट-गोड तुषार उडतो, त्याचा वास रेवतीच्या बोटांना कायमचा चिकटलेला असे. दर बुधवारी काटोलहून वडिलांबरोबर एसटीने ती हुडकेश्वरच्या माझ्या लहानशा वाचा-उपचार केंद्रात यायची, आणि हिवाळ्याचे कोवळे ऊन ज्या संथपणे खिडकीतून फरशीवर उतरे, त्याच संथपणे माझ्यासमोर येऊन बसायची. पाच वर्षांची होती. ऐकू सगळे येई, समजतही असे; बोलत मात्र नव्हती.

मी आरसा धरून, ओठ मिटून 'म' कसा उमटतो ते दाखवायची. ती काचेला नाक लावी, श्वासाचे धुके पसरे, आणि त्या धुक्याकडे पाहून ती निःशब्द हसे. काही हवे असले की हात पुढे न करता हनुवटी किंचित उचलायची, जणू मागणे हाही तिला आगाऊपणाच वाटे. चार महिने हे असेच चालले. वडील दाराशी बसून माझ्याकडे आशेने पाहत, आणि मी आरसा पुसून पुन्हा धरायची.

खरे सांगायचे तर बुधवारची वाट मीच अधिक पाहत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना बोलायला शिकवणारी मी, घरचे कुलूप उघडले की बोलायला कुणी नाही. पुणे सोडून पंधरा वर्षे झाली; माणसे जोडायचे राहूनच गेले. रेवतीची शांतता मात्र माझ्या शांततेशेजारी येऊन बसे, आणि आम्हां दोघींना एकमेकींचा जाच होत नसे.

एका दुपारी मी लाल चेंडू हातात धरून थांबले होते. तिची हनुवटी उचलली गेली, ओठ मिटले, उघडले.

"मले," ती म्हणाली. स्वच्छ, थोडासा घोगरा आवाज.

"मला," मी म्हणाले. "म्हण बरं, मला."

जिभेची सवय, दुसरे काय. नोंदींच्या तक्त्यावर 'चूक' अशी खूण करायला हात आपोआप गेलाही होता. रेवतीने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ओठ मिटून घेतले.

"चुकली नाही नं मॅडम पोरगी," दारातून वडील हळूच म्हणाले. "आमच्या घरी सारे मलेच म्हणतेत."

मी शरमेने अर्धमेली झाले. चेंडू दिला, पुन्हा पुन्हा दिला, स्वतः "मले, मले" म्हणून पाहिले. माझ्या तोंडी तो शब्द नाटकी वाटे. त्यानंतर दोन महिने ती आली, पण एक अक्षर उमटले नाही. मग येणेच थांबले.

मागच्या आठवड्यात न राहवून मी फोन केला. वडिलांचा स्वर खुलला होता.

"बहुत बोलून राहिली आता घरी. दिवसभर तोंड बंद नाही." मग जरा संकोचून म्हणाले, "तुमच्याकडं जाऊ म्हटलं का मंग गप होते."

ती बोलते आहे याचा मला अगदी मनापासून आनंद झाला, आणि फोन ठेवल्यावर रडूही आले. ती वाढेल, मला विसरेल. काळाने तिच्यावर एवढी कृपा करावीच. माझ्याजवळ तिचा आवाज एका शब्दापुरताच राहिला आहे, आणि स्मरणात तो जेव्हा जेव्हा उमटतो, तेव्हा त्याच्या पाठोपाठ, क्षणाचीही उसंत न देता, माझाच आवाज येतो.