दर्शनाचा बायोडेटा, अजून विचाराधीन

मी दर्शना शेजवळचा बायोडेटा बोलतोय. शीळफाट्याजवळच्या एका औषध कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये मी कुठेतरी आहे. इथे यायला वाट होती. बाहेर जायची मला अजून सापडलेली नाही.

माझा जन्म कोपर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. दुकानदार आनंदने मला हौसेने नटवलं. डावीकडे निळी पट्टी, तिच्यात दर्शनाचा हसरा फोटो, मजकुराचे दोन रकाने. मी स्वतःवर फार खूश होतो.

दर्शना पूर्वी दुसऱ्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये पाणी तपासायची. मग तिची आई रमाबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आणि दर्शना नोकरी सोडून घरी बसली. सात वर्षं गेली. आता रमाबाई काठी टेकत चालते, बसल्या बसल्या भाजी निवडते. दर्शनाला पुन्हा कामावर जायचं होतं.

तिने मला ठिकठिकाणी पाठवलं. पाठवून चहा होतो न होतो तोच नकार यायचा.

"एवढ्यात वाचलं पण त्यांनी?" रमाबाई विचारायची.

दर्शनाची मैत्रीण संचिता नोकरभरतीचं काम करते. एका रविवारी ती घरी आलेली. मला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"अगं, आधी माणूस वाचतच नाही. कॉम्प्युटर वाचतो. हे दोन रकाने तो सरळ आडवे वाचत जातो. तुझी डिग्री आणि तुझा पत्ता, सगळी खिचडी होते. आणि जाहिरातीत 'वॉटर अ‍ॅनालिसिस' आहे ना? मग तू तेच केलंयस, तर तेच शब्द लिही."

त्या दुपारी माझी निळी पट्टी गेली, फोटो गेला. उरली साधी काळी अक्षरं, एकाखाली एक. मला उघडं पडल्यासारखं झालं. दर्शनाही माझ्याकडे बघत राहिली.

मग शीळफाट्याच्या कंपनीचा ऑनलाइन अर्ज उघडला. मी भराभर आत गेलो. एका प्रश्नाशी सगळं अडलं: नोकरीत खंड का पडला? खाली पर्याय होते. शिक्षण, स्वतःचं आजारपण, व्यवसाय, इतर.

"ताई, बिझनेस टाक ना," धाकटा भाऊ सुमित म्हणाला. "कोण चेक करायला येतंय?"

पलीकडे रमाबाई वाटाणे सोलत होती. तिचे हात थांबले.

"माझ्यामुळे अडलंय का गं?"

दर्शनाने स्क्रीनवरचा प्रश्न आईला वाचून दाखवला.

"मग खरं ते लिही. आईला उभं केलं म्हणून लिही. मी काय लपवायची वस्तू आहे?"

दर्शनाने डोळे पुसले आणि 'इतर'वर बोट ठेवलं. एक इवलीशी चौकट उघडली. तिने लिहिलं, 'आईची शुश्रूषा केली. आई आता चालते.' चौकटीतली जागा संपली आणि शेवटचा शब्द उमटलाच नाही. पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, तरी नाही. 'आई आता' एवढ्यावरच वाक्य तुटलं आणि तसाच मी पाठवला गेलो.

या वेळी लगेच नकार आला नाही. घरात आनंद झाला. कॉम्प्युटरने मला वाचलं होतं! कंपनीच्या वेबसाइटवर माझ्या नावापुढे शब्द उमटला, 'विचाराधीन'. दर्शना तो रोज बघायची. पुढे एक दिवसाआड बघू लागली. मग बघेनाशी झाली.

दरम्यान ती कल्याणच्या एका लहान पॅथॉलॉजीत स्वतः जाऊन विचारून आली. तिथल्या मंदाकिनी मॅडमनी तिला शेजारी बसवून अर्धा दिवस काम करायला लावलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून या." माझी गरजच पडली नाही. मला याचा राग नाही. ती कामावर जाते, हे मला पुरे आहे.

पण मी इथेच आहे. शेजारी खडवलीच्या कोण्या साईनाथचा बायोडेटा आहे, त्याच्यामागे आणखी कितीतरी. आम्हाला कोणी घेत नाही, कोणी सोडत नाही. साईनाथ कदाचित अजूनही रोज बघत असेल.

कंपनीतल्या साहेबांनो, बाईंनो, आम्हाला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. फक्त तुमच्यापैकी कोणीतरी एकदा आम्हाला उघडा, वाचा आणि मग म्हणा.